थंड प्लग

वरचा तांडा, तालुका महागाव
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

उज्ज्वलाले बाईचा जय सेवालाल.

इकडं आम्ही बरे आहोत, म्हणजे तू तीजेच्या सणाले आलती तेव्हा जसे होतो तसेच. तू, जावई अन् लेकरं बरी असाल. सोयाबीन घरात आलं. कापूस अजून फुटाचा आहे. लेकाचा, बादलचा, पुण्याहून रविवारी फोन येते, पाच मिनिटं बोलते, त्यातली तीन मिनिटं हॅलो हॅलो करण्यात जातात.

तू म्हणशील, फोन असून आपली मोठी बहीण, बाई, कायले कागद काळे करून राह्यली. चौथी शिकलेली बाई मी, चार ओळी लिहिल्या का बोटं दुखतात. पण घरात फोन एकच, अन् तो तुह्या भाऊजीच्या उशाखाली. मी बोलाले लागली का म्हणतात आवाज मोठा कर, मले बी ऐकू दे. अर्ध्या अंगात जीव नाही, पण कान पहिलेपेक्षा तिखट झाले. वाचता मात्र येत नाही त्यायले. म्हणून पत्र. आता बी विचारलं, काय लिहून राह्यली, तं मी म्हटलं बादलले सामानाची यादी. शाळेजवळच्या लाल डब्यात टाकते. तू बी पत्रातच लिहिजो. फोनवर फक्त हवापाणी.

तं सांगाचं असं का पुसदले मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाले बाई पाहिजे. साठ पोरी आहेत. मागच्या महिन्यात औषध आणाले गेली तेव्हा मी तिथल्या कुंदा मॅडमले भेटून आली. चष्मेवाली बाई आहे, बोलते कमी, पाहते जास्त. म्हणाल्या, किती शिकल्या? मी म्हटलं, साठ पोरींच्या पोळ्या लाटाले किती शिका लागते? त्या हसल्या नाहीत, पण नाव लिहून घेतलं.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या का कामावर जाचं. सकाळी आठले तिथं पाहिजे. फाट्यावर पहिली एसटी साडेनऊले, ती बी आली तं. पुसद इथून बावीस किलोमीटर. म्हणजे गाडी पाहिजे. राहाची खोली बी देतात म्हणे, स्वयंपाकघराच्या मागं. मी पाह्यली. एक खिडकी आहे, तिच्यातून कडूनिंब दिसते. पण मले तिचं काय. मी सकाळी जाईन, संध्याकाळी येईन. दुपारी शेजारी माहा दीर देवसिंग अन् जाऊ आहेतच, भावाले एक ताट वाढतील. तीजेत विहिरीजवळ मी तुले जे बोलली ते सोडून दे. रागात बोलली.

गाडी तुले माहीत आहे. तीच, यायची लाल टाकीची फटफटी. चालवाले मले येते. आपल्या प्रेमसिंगदादानं आपल्या दोघींले नदीच्या पात्रात शिकवलं होतं, तू बाभळीत गेलती, आठवते? पण या पोळ्याले दोन वर्षं झाली तुह्या भाऊजीले लकवा मारून, अन् तेव्हापासून गाडी छपरात उभी आहे. चाकं बसली. टाकीतलं पेट्रोल सडलं, झाकण उघडलं का रोगणासारखा वास.

फाट्यावरच्या मिस्त्रीले बोलावलं. त्यानं सात लाता मारल्या अन् म्हणाला, जुनं मॉडेल आहे, टेम्पोत टाकून पुसदले न्या. तं आतून हे ओरडले का सोळा वर्षांत या गाडीले कोण्या मिस्त्रीचा हात लागला नाही, आता बी लागणार नाही. तो आपला पाना उचलून गेला. मले असा राग आला. मी म्हटलं, मग कोण करन? तुमचा बाप येईन का वरून?

तं म्हणाले, “तू कर. मी सांगतो.”

आता तूच पाह्य. गाडीसंग एक पुस्तक आलतं म्हणे, कोणता नट कुठं, तेल किती, सगळं त्यात लिहिलेलं असते. वाचता येत नाही म्हणून ते त्यायनं दुकानातच ठेवून देल्लं. दुसऱ्याचे हात पाहून अन् कानानं ऐकून शिकले. तं आता पुस्तक म्हणजे हेच. मी खाट ओढून दाराशी लावली. ते खाटेवर, मी गाडीजवळ फतकल घालून.

पहिले तेल बदललं. इंजिनाच्या खालचा नट सतराच्या पान्यानं सोडला, काळं तेल निघालं, काजळ वितळल्यासारखं. मग वरून नवं ओतलं. ओतून राह्यली, ओतून राह्यली, अन् पाय ओले लागाले लागले. पाह्यलं तं खालचा नट माह्या मांडीवर. सगळं नवं तेल जमिनीनं पिलं. मी त्यायच्याकडं पाह्यलं, आता शिव्या खाव्या लागतात. उज्ज्वला, ते हसले. अर्ध्या तोंडानं हसले, लाळ गळेपर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा. मले बी हसू आलं. अन् मग त्या हसण्याचाच राग आला.

सोड ते. हात धुवून बी तेलाचा वास जात नाही, कागदाले लागला असन. त्यायची मूठ धुवाची वेळ झाली. उजवा हात जो आवळला तो आवळलाच, दर तिसऱ्या दिवशी कोमट पाण्यात एक एक बोट उकलून धुवा लागते, नाही तं आतून सडते.

तुही बाई,
बसंती

•

वरचा तांडा
रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

उज्ज्वलाले बाईचा जय सेवालाल.

तुह्यं पत्र भेटलं. जावयाचं गुडघ्याचं वाचलं. त्यायले सांग, एरंडाचं पान बांधा अन् खुर्चीवर बसून हुकूम सोडणं कमी करा.

सोमवारी तुहा फोन आलता म्हणे. मी नाल्यावर धुणं घेऊन गेलती. काय बोलली तू? मी विचारलं तं म्हणतात काही नाही, हवापाणी. तोंड मात्र असं का जसं कोणी बैलाले पेंड दाखवून उचलून नेली.

गाडीचं सांगते. तेल पुन्हा आणून भरलं, नवं पेट्रोल टाकलं, चेन राकेलात धुतली. प्लग काढला, म्हणजे तो जो ठिणगी पाडते. पॉलिश पेपरनं घासला अन् त्याच्या तोंडातली फट लोखंड कापाच्या पात्यानं मापली. पातं अटकून आत गेलं पाहिजे, सहज गेलं तं फट जास्त. हवेच्या डब्यात उंदरानं घर केलतं. कापूस, चिंध्या, अन् त्यायची हरवलेली लुंगी, अर्धी. ते म्हणाले, बापरे, मी तुह्या जाऊवर आळ घेतला होता.

दसऱ्याले गाडीले झेंडूचा हार घातला. अर्धी उघडी होती, चाकाजवळ नट पडलेले, पण म्हणाले घाल. घातला.

मग कार्बोरेटर. मुठीएवढा डबा, त्यात पेट्रोल अन् हवा एक होते. त्यात इतके बारीक तुकडे का मोहरीचा दाणा बरा. हे म्हणाले, जसे निघतात तसे लक्षात ठेव, उलट्या ओळीनं परत बसवाचे आहेत. लक्षात कसे ठेवाचे? लिहून ठेवाचं तं त्यायची नावं मले येत नाहीत, त्यायले बी येत नाहीत, ते म्हणतात हा बुटका, हा लांबट. तं मी म्हटलं, मले टाका येते. पेटीत आपल्या याडीच्या घागऱ्याचा, फेटियाचा घेर होता, त्याचा हातभर तुकडा काढला. जो तुकडा निघाला तो कापडावर ठेवाचा, भोवताल टाका घालाचा, मग पुढचा. स्क्रू लाल दोऱ्यानं, पितळेचं पिवळ्यानं, रबराचं निळ्यानं. एक स्क्रू सोडाच्या आधी तो आत किती फेरे जाते ते मोजा लागते म्हणाले. दोन फेरे अन् अर्धा. तिथं मी दोन गाठी मारल्या अन् तिसरी अर्धी सोडून देल्ली.

तीन दिवस लागले. तीन दिवस मी त्या दाराशी बसून राह्यली. याडीनं लहानपणी आपल्या दोघी बहिणींले जसं शिकवलं तसं, मागची बाजू बी साफ. हे खाटेवरून पाहत होते. म्हणाले आण इकडं. डाव्या हाताची बोटं त्या टाक्यांवरून फिरवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अन् म्हणाले, “हे पुस्तक मले बी वाचता आलं असतं.”

सांगाची गोष्ट पुढं आहे. सगळे तुकडे राकेलात धुतले, ताटात मांडले, ताट त्यायच्याजवळ ठेवलं. एक एक डाव्या हातात घेऊन डोळ्याजवळ नेऊन पाहाचे. हे मंगळवारी. बुधवारी मी कापडावर मांडाले बसली तं एक निळा टाका रिकामा. कार्बोरेटर जिथं इंजिनाले चिकटते तिथला. वाटोळा, बांगडीहून लहान, अंगठीहून मोठा. तिथं काळी रबरी रिंग होती. मी माह्या हातानं काढलती.

विचारलं तं म्हणतात, अशी रिंग नसतेच या गाडीले.

मी म्हटलं, हा टाका पाहा.

तं म्हणतात टाका जास्त घातला असशील. तुम्हा बायांचा हात चालू झाला का थांबत नाही, चार फुलं पाहिजे तिथं सात काढता.

मी अंगण झाडलं. राख चाळली. पिठाची चाळणी घेऊन छपरातली सगळी माती चाळली, दोन दिवस. जाऊ कुंपणावरून म्हणते, काय वं बाई, सोनं हरवलं का? मी म्हटलं, तुही अक्कल शोधून राह्यली. ती मग माहेरी निघून गेली. दिवाळीसाठी गेली, माह्यासाठी नाही.

रिंगेशिवाय बसवलं. ते म्हणाले बसव, चालते. बारा लाता मारल्यावर सुरू झाली, दम लागलेल्या म्हातारीवानी फुरफुरली अन् मेली. पुन्हा सुरू, पुन्हा मेली. ते कान देऊन ऐकत होते. म्हणाले आणखी एकदा उघडा लागते. पहिल्यापासून. त्यायच्या आवाजात दुःख नव्हतं उज्ज्वला, मले तं असं वाटलं जसं कोणी जेवाचं पान वाढून राह्यलं.

पुसदले जाऊन कापड दाखवून रिंग आणता आली असती. पण देवसिंग सोयाबीन घेऊन बाजारात, जाऊ माहेरी, यायले पाणी कोण पाजन? फाट्यापर्यंत जाऊन मी परत आली. दिवाळी गुरुवार-शुक्रवारी. शाळा चौदा-पंधराले उघडते. कुंदा मॅडम थांबणार नाहीत, त्यायच्याकडं दुसऱ्या दोघी नाव लिहून गेल्या.

सोळा वर्षं गाडी चालवणारा खरा का मी खरी, आता मले बी कळत नाही. तो टाका घालताना मी कुठं पाहत होती, कायचा विचार करून राह्यली होती? खोलीचा करून राह्यली असन. मीच चुकली असन.

तू काय बोलली फोनवर, ते लिहिजो.

बाई

•

पुसद
रविवार, १५ डिसेंबर २०२४

उज्ज्वलाले बाईचा जय सेवालाल.

हे पत्र पुसदच्या पोस्टात टाकते. आज पोरींच्या परीक्षेचा अभ्यास म्हणून रविवारी बी बोलावलं. कणीक भिजाले ठेवली अन् बसली. म्हणजे काम भेटलं, हे तुले कळलंच. बाकीचं आता खरं लिहिते, कारण खोटं लिहाले जास्त अक्षरं लागतात.

तीजेत विहिरीजवळ मी तुले जे बोलली ते रागात नव्हती बोलली. मी गाडी सुरू करून जाणार होती अन् परत येणार नव्हती. खोलीले मी कुंदा मॅडमले भेटली तेव्हाच हो म्हणून आलती. देवसिंग भाऊ आहे, त्याचं बी काही लागते, असं मनाशी ठरवलं होतं. पहिल्या पत्रात मी सकाळी जाईन, संध्याकाळी येईन लिहिलं, ते हात लिहीत होता, मन नाही.

अन् तू फोनवर त्यायले विचारलं, बाईची होस्टेलची खोली पक्की झाली का. तुह्या पत्रात वाचलं ते. तुले वाटलं, सांगितलं असन. तुह्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण आता त्याले काय करतं.

दिवाळीची गोष्ट ऐक. त्या दिवशी संध्याकाळी तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघरी मेरा, म्हणजे दिवाळीची ओवाळणी, मागाले येणार, म्हणून मी दुपारीच त्यायले आंघोळ घालाले घेतली. मूठ धुवाची होती. त्या रिंगेच्या भानगडीत आठ-नऊ दिवस राहून गेलती. मी बाजेवर बसली, हात मांडीवर घेतला. नेहमी करंगळीपासून उकलते. ते म्हणाले, आज राहू दे, दुखते.

त्या हाताले दुखत नाही, उज्ज्वला. दोन वर्षांपासून त्या हाताले काहीच कळत नाही.

करंगळी उकलली. मग दुसरं बोट. तिसऱ्या बोटाखाली काळं दिसलं. रिंग होती. घामानं पांढरट पडलेली, तळव्यात तिचा वाटोळा ठसा उमटलेला. चांगल्या हातानं त्या मेलेल्या हातात कोंबली होती त्यानं, कारण तिथं कोणी पाहत नाही. माह्याशिवाय कोणी पाहत नाही. अन् मी तं पाहणारच होती ना, आज नाही तं उद्या? हे त्याले कळत नव्हतं का?

हात धुतला, पुसला. रिंग धुतली. कापड आणून निळ्या टाक्यावर ठेवली. बरोबर बसली. दोऱ्याची जाडी इकडं नाही का तिकडं नाही. मले रडू यायचं तं ते तिथं आलं, नवऱ्याच्या खोटेपणासाठी नाही, टाका खरा निघाला म्हणून.

कार्बोरेटर उतरवला, रिंग बसवली, परत चढवला. स्क्रू दोन गाठी अन् अर्धी गाठ. तिसऱ्या लातीले सुरू झाली. अन् मरेचना. मी तशीच बसली गाडीवर. हात काळे, पायात चप्पल नाही, डोक्यावरचा पदर कुठं गेला माहीत नाही. तांड्यातली पोरं मागं पळाली, मग थांबली. सरळ फाट्यावर.

फाट्यावर पुसदकडं तोंड करून मी उभी राह्यली. गाडी खाली धडधड करून राह्यली होती. टाकीत तेवढं पेट्रोल होतं. रस्ता मोकळा होता. मी स्वतःले म्हटलं, जाय. लोक म्हणतात, पाय उचलला नाही. माहा पाय उचलला होता, गिअरवर होता. मले एवढंच दिसलं का आता पोरी दिवे घेऊन दाराशी येतील, आत अंधार असन, अन् हे खाटेवरून म्हणतील, बाई घरी नाही. बस, एवढंच. माया नाही, काही नाही. ते एक वाक्य मले ऐकू आलं अन् मी गाडी फिरवली. तेव्हापासून मी स्वतःवर जेवढी चिडली आहे तेवढी त्याच्यावर बी नाही.

घरी आली तं ते भिंतीकडं तोंड करून. गाडी बंद केली. मग ते बोलले. तुह्या फोनचं सांगितलं. मग म्हणाले, गाडी उघडी होती तवर तू माह्याजवळ बसत होती, दोन वर्षांत तेवढी कधी बसली नाही. ते खरं आहे. मी ताट ठेवून उठणारी बाई आहे. मग त्यायनं तो हात डाव्या हातानं उचलून माह्यापुढं धरला, जसं दुसऱ्या कोणाचा आहे.

“तू गेली तं ही मूठ कोण उघडन?”

मी म्हटलं देवसिंग. देवसिंग उघडणार नाही, हे मले माहीत आहे, त्यायले माहीत आहे, देवसिंगले तं पक्कंच माहीत आहे.

मग त्यायनं अट घातली. काम कर, जाय, पण संध्याकाळी आली का गाडीचा प्लग काढून माह्या हातात देत जाय. सकाळी घेत जाय. प्लगशिवाय गाडी म्हणजे नुसतं लोखंड. मी म्हटलं, मी काय तुमची चोर आहे? तं म्हणाले, रिंग मी चोरली, चोर मी, पण जाणारी तू. बरं म्हटलं.

तं आता असं चालते. सकाळी मूठ उकलाची, प्लग काढाचा, मूठ पुसाची, प्लग गाडीत, अन् मी पुसदले. जाऊ माहेरून आली, दुपारी ताट देते. सांगते का जेवण झाल्यावर ते कापड मागतात अन् त्यावर बोट फिरवत पडतात. संध्याकाळी मी येते, पाना घेते, प्लग काढते, त्यायच्या हातात. जाऊ पाहते अन् हसते. म्हणते, बाकीच्या बाया नवऱ्याच्या हातावर प्रसाद ठेवतात.

इथं साठ पोरी आहेत. पोळ्या जाड झाल्या का तोंडावर सांगतात, मले आवडते ते. कुंदा मॅडमनी एकदा मागं उभं राहून दहा पोळ्या पाहून घेतल्या, अन् जाताना म्हणाल्या, शिकल्या आहात. त्या दिवशी मी बावीस किलोमीटर मोठ्यानं गात गेली. मग तांड्याचा फाटा आला.

आता जे लिहाचं नव्हतं ते. पहिल्याच आठवड्यात एके दिवशी मले घरी याले उशीर झाला, रस्त्यावर ट्रॅक्टर उलटलं होतं. हे दाराकडं डोळे लावून. मी उतरली तं पहिला शब्द, प्लग. पाणी नाही, काही नाही. मी तिथंच प्लग काढला, फडक्यानं धरून, अन् त्या मुठीत कोंबला. आत्ता इंजिनातून निघालेला प्लग निखाऱ्यावानी असते. मले माहीत होतं. त्या हाताले कळत नाही, हे बी मले माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ उकलली तं तळव्यात रुपयाएवढा फोड. ते पाहत होते फोडाकडं. मी खोबऱ्याचं तेल लावलं. मुद्दाम केलं का, असं तू विचारशील तं मी तुले नाही म्हणून सांगीन. पण तू विचारू नको.

मग मी पुसदले दुसरा प्लग घेतला. तोच नंबर, नवा. तो गाडीत टाकला, अन् जुना ब्लाऊजच्या आतल्या पैशाच्या कोथळीत ठेवला. मनाशी म्हटलं, आता गरम काढाचं काम नाही, थंड प्लग त्यायच्या मुठीत राहीन, फोड येणार नाही. चांगलंच झालं ना. अन् गाडी रोज रात्री प्लगसंग उभी राहते, कधी बी लात मारा, हे बी आहे. कोणत्या कारणासाठी घेतला, हे मी स्वतःले विचारलं नाही. तुले बी सांगत नाही.

त्या संध्याकाळी मी छपरात गेली, पान्याचा आवाज केला, कोथळीतला जुना काढून आणला. नेहमी मी सरळ मुठीत ठेवते. त्या दिवशी ते म्हणाले, इकडं दे. डाव्या हातात घेतला. ज्या हाताले कळते त्या हातात.

ते प्लगकडं पाहतच राह्यले. अंगठा फिरवला त्यावरून. बावीस किलोमीटर चालून आलेल्या गाडीचा प्लग थंड राहत नाही, हे मले शिकवणारे तेच. मी उभी होती. चुलीवर पाणी उकळून राह्यलं होतं, मी गेली नाही. मले वाटलं आता ओरडतील, देवसिंगले हाक मारतील, बादलले फोन लावतील. वाटलं नाही, मले पाहिजे होतं ते. ओरडले असते तं मी त्याच पावली निघाली असती.

त्यायनं डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं उकलली. एक एक. मले माहीत नव्हतं त्यायले ते जमते. वेळ लागला, घाम फुटला, पण उकलली. प्लग आत ठेवला. बोटं परत मिटवली. अन् म्हणाले, चहा टाक.

आज तीन आठवडे झाले. रोज संध्याकाळी मी थंड प्लग आणून देते. रोज ते डाव्या हातात घेतात, मुठीत ठेवतात. त्यायले माहीत आहे. त्यायले माहीत आहे हे मले माहीत आहे.

कुंदा मॅडम काल म्हणाल्या, खोली एकतीस तारखेपर्यंत तुमच्यासाठी ठेवते, मग दुसरीले देते. थंडी वाढली, एवढ्या सकाळी रस्त्यावर धुकं असते, तुम्ही कायले धोका घेता. मी म्हटलं, सांगते. आज पंधरा आहे. मूठ ते आता आपल्या हातानं उघडू शकतात, हे बी आहे. तेच मले रात्रंदिवस खाऊन राह्यलं. पहिले मी म्हणू शकत होती का कोणी उघडणारं नाही म्हणून मी आहे.

पोरींच्या जेवणाची घंटा झाली. पत्राचं उत्तर वसतिगृहाच्या पत्त्यावर धाडजो. सल्ला नको देऊ. फोन तं करूच नको.

नवा प्लग गाडीत आहे. रात्री मी अजून घरात असते.

तुही बाई,
बसंती